आबांची मूस, आजीची वीट

पुण्याहून मिरजेकडे निघालेली गाडी सातारच्या मुलखात आली की अशी काही स्टेशनं लागतात, ज्यांची नावं कारखान्यांनी मोठी केली. जुन्या मीटरगेजवर पहिलं सातारारोड. तिथं धनजीशा कूपर यांचा नांगरांचा आणि पुढं इंजिनांचा कारखाना. हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधान होते. मुख्यमंत्र्याला तेव्हा असं म्हणत. मग कोरेगाव, मग आमचं रहिमतपूर. पुढं तारगाव, मसूर, शिरवडे करत गाडी कराडला येते. पण ते स्टेशन कराड शहरात नाही, ओगलेवाडीत आहे, आणि ओगलेवाडी म्हणजे काच. तिथून शेणोली, ताकारी मागं टाकली की किर्लोस्करवाडी.

देशभर नाव झालेला असा कारखाना रहिमतपुरात उभा राहिला नाही. पण या ओळीतल्या भट्ट्यांपुढं जी माणसं उभी राहिली, त्यात आमच्या कुंभारवाड्यातली होती. माझे आबा रहिमतपूरचे, आजी कुंडलची, म्हणजे किर्लोस्करवाडीच्या शेजारची, आणि आबांची नोकरी ओगलेवाडीत. आजीचं माहेर, सासर आणि नवऱ्याचा पगार ही तिन्ही एकाच रुळाच्या कडेला. लहानपणी या दोघांकडून मी जे ऐकलं त्यातलं बरंच पुढं पुस्तकांत ताडून पाहता आलं. किर्लोस्करांची चरित्रं आहेत, आठवणी आहेत. ओगल्यांबद्दलही लिहिलं गेलं आहे. त्या माणसांचं धाडस खरं होतं, मोठं होतं, आणि मराठी माणसानं ते वाचलंच पाहिजे. पण आच कशी ओळखायची, माती किती मळायची, भट्टीचं तोंड कधी उघडायचं, हे ज्यांच्या हातात होतं त्यांच्याबद्दल त्या पानांत फार थोडं सापडतं. ते आमच्या घरी रोजच्या बोलण्यात होतं.

रहिमतपूर कमंडलू नदीच्या काठचं. जुनी पेठ, आसपासच्या गावांची हळद, आलं, गूळ इथं येणार आणि इथून स्टेशनावर जाणार. गावात आदिलशाहीतला सरदार रणदुल्लाखान याच्या काळातली मशीद आहे, त्याचा दर्गा आहे, आणि जवळच पाण्याचा तो उंच मनोरा. या मनोऱ्याला लागून एक उतरण आहे. हत्ती उतरणीवरून खाली चालत गेला की त्याच्या ओढीनं मोट वर यायची आणि पाणी उंचावर पडून पुढं वाहायचं. आबा आम्हां पोरांना तिथं घेऊन जायचे आणि सांगायचे, “ह्यो आपल्या गावचा पयला कारखाना.” मला ते आजही पटतं. उंचावर नेलेलं पाणी आपोआप हवं तिथं जातं, हे ज्यानं हेरलं आणि त्यासाठी हत्तीच्या वजनाचा उपयोग करून घेतला, तो सतराव्या शतकातला यंत्रज्ञच.

आमच्या कुंभारवाड्यात त्या काळी विटेला फारसा मान नव्हता. चाकावर होणारी कामं मोठी: रांजण, डेरे, घागरी, लग्नाची बोळकी, संक्रांतीची सुगडं. घरं बांधायची ती काळ्या दगडाची आणि पांढरीच्या मातीची, वर धाबं. वीट लागायची वाड्यांना, तीही पातळ, आणि वाडे काही दर वर्षी बांधले जात नाहीत. त्यामुळं वीट पाडणं हे कोरड्या हंगामातलं जोडकाम होतं, ते बहुतेक बायकांकडं.

आजी तिच्या माहेरचं सांगायला लागली की सुरुवात निवडुंगापासून व्हायची. कुंडलरोड स्टेशनाजवळचा तो माळ म्हणजे नुसता फड्या निवडुंग आणि त्यात नाग. तिच्या वडलांच्या तरुणपणी तिथून संध्याकाळी कोणी जात नसे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्कर तिथं आले. बेळगावात त्यांचा कारखाना होता, आधी सायकली, मग कडबा कापायची यंत्रं, मग लोखंडी नांगर. तिथली जागा नगरपालिकेच्या योजनेत गेल्यावर ते नवी जागा शोधत होते, आणि औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी हा बत्तीस एकरांचा माळ दिला, वर दहा हजार रुपये बिनव्याजी. औंध म्हणजे बहात्तर गावांचं संस्थान, तीही एकसलग नाहीत, इंग्रजी मुलखात तुकड्यातुकड्यांनी पसरलेली. राजाचा पैसाही बेताचाच. पण त्यानं पडीक माळ आणि स्टेशन ही जोडी ओळखली. कोळसा आणि कच्चं लोखंड वॅगनीतून दारात उतरणार, तयार माल त्याच वॅगनीतून जाणार. आणि नापीक जमिनीवर कारखाना उभा राहिला तर कोणाच्या शेतीचा घास जाणार नाही.

लोखंडी नांगर मात्र लगेच खपला नाही. लोखंडानं जमीन विषारी होते असं शेतकरी म्हणत. किर्लोस्करांचे पहिले नांगर विकायला दोन वर्षं लागली, हे पुस्तकांतही आहे. आजीच्या माहेरी याची दुसरी बाजू सांगितली जायची. तिच्या वडलांच्या मते ती भीती अगदीच वेडेपणाची नव्हती. लाकडी नांगर मोडला तर सुतार बलुत्यावर नीट करायचा. लोखंडी नांगराचा फाळ गेला तर नवा कुठून आणायचा आणि त्याला रोख पैसे कोण देणार, हा खरा प्रश्न होता. विषाची गोष्ट बोलायला सोपी होती, पैशाची बोलायला लाज वाटायची. हे मी कुठल्याही चरित्रात वाचलेलं नाही, आणि मला वाटतं की लोखंडी नांगराच्या इतिहासात ही ओळ असायला हवी. पुढं कारखान्याशेजारीच सुटे फाळ मिळू लागले आणि कुंडलच्या शिवारात नांगर दिसायला लागले, असं ती सांगे.

किर्लोस्करवाडीची राखण करायला लक्ष्मणरावांनी तुकाराम रामोशी नावाचा शिक्षा भोगून आलेला माणूस ठेवला होता. ज्याच्या नावानं मुलूख भ्यायचा त्याच्याच हातात कारखान्याच्या किल्ल्या. आजी हे सांगताना दर वेळी थोडी थांबायची. माणसावर टाकलेला विश्वास ही तिच्या लेखी यंत्रापेक्षा मोठी गोष्ट होती. पुढं औंधच्याच मुलखात, आटपाडीजवळ, कैद्यांची स्वतंत्रपूर नावाची खुली वसाहत झाली, तेव्हा तिला त्यात काही नवल वाटलं नाही.

ओगलेवाडीची कथा युद्धापासून सुरू होते. पहिलं महायुद्ध लागलं आणि ऑस्ट्रिया, जर्मनी, बेल्जियमहून येणारी काच थांबली. बांगड्या महागल्या, चिमण्या मिळेनात, दवाखान्यांना बाटल्या मिळेनात. त्याआधी तळेगावला पैसाफंडाचा काच कारखाना निघाला होता. अंताजीपंत काळे यांनी दारोदार जाऊन एकेक पैसा गोळा केला, टिळकांनी पाठबळ दिलं, आणि १९०८ पासून तिथं मराठी मुलं काच फुंकायला शिकू लागली. त्या वातावरणात ओगले बंधू पुढं आले, आणि १९१६ साली कराड स्टेशनाजवळ, पुन्हा औंधच्याच हद्दीत आणि पुन्हा त्याच राजाच्या पाठिंब्यानं, ओगले ग्लास वर्क्स सुरू झाला. गुरुनाथराव, श्रीपादराव, आत्मारामपंत ही भावंडं. वडलांचं नाव प्रभाकर, म्हणून पुढं त्यांनी काढलेल्या कंदिलाचं नाव प्रभाकर. बाजारात तोवर अमेरिकेचा डीट्झ आणि जर्मनीचा फॉयरहँड हे कंदील चालायचे. त्यांच्या शेजारी दुकानात देशी कंदील लटकू लागला, आणि तो वाऱ्यात विझत नाही म्हटल्यावर लोक तो मागून घेऊ लागले. माझ्या पिढीतल्या खेड्यातल्या कितीतरी मुलांनी पहिली अक्षरं याच कंदिलाच्या उजेडात गिरवली.

आबा तिथं पोरवयात लागले, १९३० नंतर कधीतरी. कुंभाराचं पोर म्हणून त्यांना काच फुंकायला नाही, मुशी करायला घेतलं. काच ज्या भांड्यात वितळते ती मूस. वाळू, सोडा, चुना आणि फुटक्या काचेचे तुकडे मुशीत घालायचे आणि मूस भट्टीत चौदाशे अंशांच्या पुढं तापवायची. आपली घरची माती त्या आचेला टिकत नाही, ती पाघळते. त्यासाठी आचेला दाद न देणारी पांढरट माती बाहेरून वॅगनीतून येई. त्यात जुन्या फुटलेल्या मुशींचा चुरा दळून मिसळायचा, म्हणजे वाळताना माती फार आवळत नाही. हा चुरा किती घालायचा हे आबा मुठीत माती दाबून सांगत. मुठीच्या कडेला भेगा पडल्या तर चुरा जास्त, बोटांचे ठसे चिकट उठले तर कमी.

मग माती तुडवायची, अनवाणी. आबांचं म्हणणं होतं की यंत्रानं मळलेल्या मातीत हवेचा बुडबुडा राहतो आणि पायाला तो कळतो. मुशीत एक बुडबुडा राहिला तर आचेत तो फुगून मूस फुटणार, आत वितळलेली काच भट्टीच्या बुडात सांडणार, आणि ती काच थिजली की भट्टीच फोडून काढावी लागणार. म्हणून मातीत खडा, काडी, केस काही राहू नये याची राखण करायची. मूस एका दिवसात उभी होत नाही. मातीचे जाड वळ करून रोज दोन-चार बोटं उंची वाढवायची, कालची कड ओल्या फडक्यानं मऊ ठेवायची, आज तिच्यावर नवा थर चढवायचा. पुरी झाली की महिनोन्महिने सावलीत सुकवायची, वारा लागू द्यायचा नाही. आबा म्हणायचे, “बाळंतिणीची खोली जशी, तशी मुशीची खोली. दार उगडं टाकलं की गेलं समदं.”

सगळ्यात जोखमीचं काम त्यानंतरचं. नवी मूस थंडच जळत्या भट्टीत ठेवली तर तडकते. म्हणून ती आधी वेगळ्या भट्टीत हळूहळू लाल करायची, आणि लाल झालेली ती अवजड मूस लोखंडी कांबींवर तोलून जळत्या मोठ्या भट्टीच्या तोंडातून आत नेऊन बसवायची. चौघे-पाचजण, अंगावर भिजवलेलं गोणपाट, तोंडाला फडकं. एकजण फक्त हाका द्यायला. आच इतकी की पापणीचे केस करपत. एकदा मूस बसली आणि तोंड विटांनी पुन्हा बंद झालं की सगळे बाहेर येऊन बसायचे, आणि पहिलं पाणी हाका देणाऱ्याला मिळायचं. आबांच्या उजव्या कोपरापासून मनगटापर्यंत कातडी चकचकीत होती, तिथं केस नव्हते. हात कशानं भाजला हे त्यांनी आम्हांला कधी सांगितलं नाही. आजीनं सांगितलं: हाकेत एकदा घोटाळा झाला होता.

कंदिलाच्या काचेची परीक्षा घरी व्हायची. दिवा लागून काच चांगली तापली की आबा बोटं पाण्यात बुडवून चार थेंब काचेवर उडवायचे. तडकली नाही की समाधानानं मान हलवायचे. खरा कस फुंकण्यात नसतो, निववण्यात असतो, हे मला तिथंच कळलं. फुंकलेली काच लांब भट्टीतून सावकाश थंड केली नाही, तर तिच्या अंगात ताण राहतो आणि ती पुढं कधीतरी, काही कारण दिसत नसताना, फुटते. ज्या दिवशी माल घाईनं बाहेर काढला जाई त्या दिवशी आबा घरी आल्यावर गप्प असत.

चाळीसच्या दशकात या रुळाच्या कडेनं आणखी एक गोष्ट घडत होती. कुंडल हे इंग्रजी राज्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारचं घर. नाना पाटील, जी. डी. बापू लाड ही नावं आजीच्या माहेरी नात्यातली असल्यागत घेतली जात. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं रेल्वेची पगाराची गाडी अडवली. ओगलेवाडीहून हे ठिकाण जवळच. आबा तेव्हा कारखान्यात होते. पोलीस येऊन प्रत्येकाला कुठला, कोणाचा विचारून गेले, त्या आठवड्यात त्यांना रहिमतपूरला येता आलं नाही, एवढंच ते सांगत. आजी मात्र सांगे की माहेरच्या आव्यात त्या दिवसांत गाडग्यांबरोबर आणखी काय काय लपलेलं असे, ते भाजणाऱ्यांनाच ठाऊक. त्याच काळात, १९३९ पासून, औंधच्या राजानं आपण होऊन गावांच्या हातात कारभार दिला होता. गांधीजींच्या सल्ल्यानं त्याची घटना झाली होती. हा राजा नसता तर या रुळाच्या कडेचे दोन कारखानेही इथं नसते आणि कुंडलच्या पोरांना आसराही मिळाला नसता, हे माझं मत वय वाढेल तसं पक्कं होत गेलं आहे.

आता आजीची वीट. दिवाळी झाली, शेतं मोकळी झाली की वीट पाडायचं काम सुरू, ते वळवाच्या पावसापर्यंत. काळी माती विटेला चालत नाही; ती वाळताना फाटते. नदीचा गाळ आणि तांबूस माती मिसळायची, त्यात भाताचा तूस, पुढं साखर कारखाने आल्यावर बगॅसची राख. रात्री माती भिजत घालायची, पहाटे तुडवायची. मग साचा पाण्यात बुडवून, राख भुरभुरून, त्यात मातीचा गोळा जोरानं आपटायचा. हळू टाकला तर कोपरे भरत नाहीत. वरची माती पट्टीनं सपाट करायची, साचा उचलायचा, पुढची वीट. ओणवं बसून, दिवसभर. पहिल्या दिवशी वीट सपाट असते, दुसऱ्या दिवशी तिला कुशीवर उभी करायची, मग चौकड्यांचे ढीग रचायचे, वारा खेळेल असे. सकाळी कुत्रं त्यांच्यावरून गेलं तर पावलं उमटायची. अशा विटा टाकून दिल्या जात नसत. आमच्या जुन्या घराच्या मागच्या भिंतीत त्या आहेत.

भट्टी रचणं हे आजीचं खास. खाली तोंडं सोडायची, विटांच्या थरांमध्ये कोळशाचा चुरा आणि तूस पसरायचा, बाहेरून मातीनं लिंपायची. पेटवल्यावर पहिले काही दिवस पांढरा धूर निघतो. तो धूर नाही, विटेतलं पाणी आहे. तो असताना आच वाढवली की विटा आतून उकलतात. मग धूर काळपट होतो, आणि शेवटी दिसेनासा होतो. “धूर दिसंना झाला की समजायचं, आता वीट पेटलीय,” ती म्हणायची. दिव्याखाली ओगलेवाडीची गोष्ट सुरू असली की ती मध्येच आबांना सांगायची, “तुमचं काम लई मोटं आसंल, पर तुमच्या मुशीवर सावली हाय. माज्या विटंवर आभाळ हाय.” वळीव एक रात्र आधी आला तर महिन्याची कच्ची वीट पुन्हा चिखल होते, हे तिनं भोगलेलं होतं.

भट्टी उघडल्यावर ती दोन विटा एकमेकींवर आपटायची. खणखण वाजली तर पक्की. दबका आवाज आला तर कच्ची, ती आतल्या भिंतीला. फार भाजून काळी, वाकडी झालेली ती खंगर, ती पायात आणि विहिरीच्या कडेला. मजुरी हजारावर मिळायची, आणि हजार मोजताना कच्ची, फुटकी आणि खंगर वजा व्हायची. म्हणजे पावसाचं, कोळशाचं, आचेचं सगळं नुकसान पाडणाऱ्या बाईच्या हिशेबात. आणि विटेच्या खोबणीत उठलेला ठसा असायचा भट्टीमालकाच्या अक्षरांचा.

आमच्या घरात हे दोन उद्योग असे शेजारी नांदत होते, एक पगाराचा आणि मानाचा, एक हजारावरचा आणि चिखलाचा. त्यांची जागा बदलली ती कोयनेमुळं.

१९६२ साली कोयनेची वीज निघू लागली. ती आधी गेली मुंबई-पुण्याच्या गिरण्या-कारखान्यांना. धरण आमच्या जिल्ह्यात आणि उजेड दुसरीकडं, याबद्दल आबांच्या पिढीत बरीच कुरकुर होती. पण हळूहळू खेड्यांतही खांब आले. ज्या घरात बल्ब लागला त्या घरातला कंदील आधी ओसरीवर गेला, मग गोठ्यात, मग फक्त वीज गेल्यावर शोधायचा झाला. ओगलेवाडीचा माल एकाएकी थांबला असं नाही. कंदील लगेच मरत नाही, पण नवा घ्यायला कोणी दुकानात जात नाही. बाजार गेला तशा भट्ट्या कमी होत गेल्या आणि पुढं तो मोठा कारखाना बंद पडला. आबांना तो बंद पडायच्या आधीच घरी यावं लागलं. ज्या दिवशी आमच्या आळीत वीज आली त्या दिवशी ते खूश होते, हे मला आजीकडून कळलं. मुलांच्या डोळ्यांना त्रास होणार नाही, असं ते सगळ्यांना सांगत फिरले. आपल्याच हातच्या वस्तूची गरज संपली याचा त्यांनी कधी राग केला नाही, आणि मी त्यांच्यातलं हेच सगळ्यात मोठं मानते.

दुसरा धक्का खराच धक्का, भूकंपाचा. ११ डिसेंबर १९६७, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटं. कोयनानगर जमीनदोस्त झालं, पाटण तालुक्यातली गावं कोसळली, पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली. रहिमतपुरात आमच्या घराची पांढरीच्या मातीची एक भिंत उभी फाटली आणि धाब्यातून मातीचा लोट आला. आजी पोरांना घेऊन अंगणात बसून होती. डिसेंबरची थंडी, आणि आत जायला कोणी तयार नाही. त्यानंतर कित्येक महिने या भागात एकच बोलणं: मातीतला दगड माणसं मारतो. जड धाबं, जाड भिंत, मध्ये चुना-सिमेंट काही नाही, हेच घर रात्रीत थडगं होतं. ज्याला जमेल तो विटेची भिंत मागू लागला. पत्रा, वीट, सिमेंट.

आणि वीट पाडायला येणाऱ्या बाईची गरज अचानक सगळ्यांना पडली. आजीनं पुढच्या हंगामात दुसऱ्याच्या भट्टीवर जायचं बंद केलं आणि नदीकडेला स्वतःची लहान भट्टी लावली. पैसा आबांच्या शिलकीतला. रचायला आबा. ज्यानं चौदाशे अंशांची भट्टी पाहिली तो आता हजार अंशांच्या आतबाहेरच्या आचेपाशी बायकोच्या हाताखाली काम करू लागला. पहिल्या वर्षी त्यांच्यात भांडण झालं ते भट्टी उघडण्यावरून. गिऱ्हाईक दारात, आजीला विटा लवकर काढायच्या होत्या, आबा म्हणाले निवू दे. आजीनं ऐकलं नाही, आणि वरच्या दोन थरांतल्या विटा गाडीत घालताना हातात तुटू लागल्या. तेव्हापासून उघडायचा दिवस आबा ठरवत आणि पेटवायचा दिवस आजी. आमच्या विटेवर ठसा कोणाचा घालायचा हा प्रश्न निघाला तेव्हा आजीनं खोबण कोरीच ठेवली. तिचं म्हणणं, वीट वाजवून घ्या, वाचून कशाला घेता.

कोयनेनं एका हातानं आबांचं काम नेलं आणि दुसऱ्या हातानं आजीला भट्टी दिली. या भट्टीमागं पाटणच्या खोऱ्यातली मेलेली माणसं आहेत, हे आजी विसरली नव्हती. दर ११ डिसेंबरला भट्टीचं काम बंद असे. गावात दुसरं कोणी असं पाळत होतं का, मला आठवत नाही.

१९७१ ला रूळ रुंद झाले, मीटरगेज गेली. सातारारोडचं जुनं स्टेशन मुख्य मार्गावरून बाजूला पडलं. किर्लोस्करवाडी चालूच आहे, पंप देशोदेशी जातात. ओगलेवाडीत बाजारपेठ वाढली आहे, स्टेशन गजबजलेलं असतं.

आमची भट्टी आता चुलतभाऊ चालवतो. गाढवं गेली, ट्रॅक्टर आले. गौण खनिजाची परवानगी, स्वामित्वधन, कोळशाचे वाढते दर, आणि समोर सिमेंटचे ब्लॉक, राखेच्या विटा. तो मला म्हणाला, “ताई, ब्लॉक भाजावाच लागत न्हाई, मग त्याच्याशी भांडणार कसं?” त्याच्या अडचणी मला कळतात. पण दोन गोष्टींवर आमचं जमत नाही. एक, शेताची वरची माती. ती एकदा भट्टीत गेली की त्या रानाला पुन्हा कस यायला आयुष्य लागतं, आणि विकणारा शेतकरी ती अडचणीतच विकतो. दुसरं, उचल. वीट पाडायला आता बाहेरून कुटुंबं येतात, दिवाळीआधी उचल घेतलेली असते, आणि हंगामभर ती फिटतच नाही. हजारावरच्या हिशेबात अजूनही कच्ची आणि फुटकी पाडणाऱ्याच्याच नावावर. माझ्या आजीला ज्या हिशेबानं जाळलं तोच हिशेब आमच्या भट्टीवर चालू राहावा, हे मला सहन होत नाही. मागच्या हंगामापासून पावसात गेलेली वीट निम्मी मालकाच्या नावावर धरायची असं त्यानं मान्य केलं आहे. निम्मी का, सगळी का नाही, हे बोलणं अजून संपलेलं नाही.

ओगलेवाडीच्या भट्टीवर काम केलेली शेवटची पिढी आता ऐंशीच्या पुढं आहे. कंदील कोणीही जपून ठेवील, संग्रहालयातही मिळेल. मला हवं आहे ते वेगळं. मुशीची माती कोणत्या गावाहून यायची? चुरा नेमका किती पडायचा, आणि पावसाळ्यात तो बदलायचा का? भट्टीत मूस बसवताना हाका कोणत्या शब्दांत दिल्या जात? कोपरापर्यंत भाजलेल्या माणसाला कारखान्यातून औषध मिळे की घरून? काचेचे तुकडे वेचायला आणि कंदील पुसून गवतात बांधायला बायका होत्या का, आणि त्यांना रोज किती मिळे? हाकांबद्दलचं उत्तर माझ्या धाकट्या चुलत्यांना ठाऊक आहे, ते त्यांनी परवाच वहीत लिहून दिलं. बाकीच्या उत्तरांसाठी ओगलेवाडीलगतच्या हजारमाची आणि विरवड्यातल्या घरांचे पत्ते जमवायला घेतले आहेत.